एकट्याच्या ध्रुवयात्रेंतील दिनचर्या व शिधा

मोहिमेच्या इतिहासाचीं साधनें तपासतांना बखरीपेक्षां रोजकीर्दीवर अधिक भिस्त ठेवावी, हा दंडक या त्रैमासिकाच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. बखरकार घडून गेलेली गोष्ट मागाहून, व बहुधा दुसऱ्याच्या सांगण्यावरून लिहितो. कोठीचा कारकून मात्र त्याच दिवशीं, त्याच मुक्कामीं, किती दाणा आला व किती खर्चीं पडला एवढेंच लिहितो. त्यास कोणाची थोरवी गावयाची नसते. म्हणूनच त्याची साक्ष मोलाची. हाच दंडक आमच्या नित्याच्या क्षेत्रापासून फार दूरच्या एका विषयास लावून पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे. तो विषय म्हणजे ध्रुवप्रदेशांत एकट्यानें केलेला प्रवास आणि त्या प्रवासांतील खाणेंपिणें.

विषय दूरचा खरा, परंतु त्यांतील अडचण आपल्या परिचयाची आहे. एक मनुष्य पायांस स्की बांधून व कमरेस घसरगाडी जुंपून बर्फाच्या ओसाड पठारावर पन्नास-साठ दिवस चालतो. बरोबर सोबती नाहीं, चाकर नाहीं, वाटेंत गांव नाहीं. तो परत येऊन जें सांगेल तेंच त्या प्रवासाचें साधन. त्यास दुजोरा देणारा किंवा त्याचें खंडन करणारा दुसरा साक्षीदार मुळांतच नाहीं. एकाच्या साक्षीवर निवाडा करणें धोक्याचें, हें कोणीही मान्य करील. आमचें म्हणणें असें कीं, अशा प्रवासांतही दुसरा एक साक्षीदार असतो. तो म्हणजे शिधा. निघतांना तो तोलून घेतलेला असतो, त्याचा रोजचा खर्च ठरलेला असतो, आणि शेवटीं राहिलेली शिल्लक कोणाच्या शौर्याकडे पाहून कमीजास्त होत नाहीं.

प्रथम या शिध्याची पूर्वपीठिका थोडक्यांत पाहूं. इ. स. १८८८ मध्यें नान्सेन या नॉर्वेजियन प्रवाशानें पांच सोबत्यांसह स्कीवरून ग्रीनलंड ओलांडलें. त्यांच्या शिध्यांतील मुख्य पदार्थ पेमिकन, म्हणजे वाळविलेल्या मांसाची भुकटी चरबींत घोटून केलेली वडी. परंतु त्यांच्या वांट्यास आलेल्या पेमिकनांत चरबी जवळजवळ नव्हती. पोट भरे, पण स्निग्ध पदार्थाची वखवख कांहीं केल्या शमेना. थंडींत ओझें ओढणाऱ्या देहास चरबी हा चैनीचा पदार्थ नसून जळण आहे, हा धडा त्या मोहिमेनें घालून दिला.

यानंतर शिध्याचें शास्त्र हळूहळू बनत गेलें. इ. स. १९११ च्या ऐन हिवाळ्यांत स्कॉटच्या मोहिमेंतील विल्सन, बॉवर्स व चेरी-गॅरार्ड हे तिघे केप क्रोझियरच्या प्रवासास निघाले, तेव्हां त्यांनीं आपल्याच पोटावर प्रयोग केला. एकानें बिस्किटें अधिक घेतलीं, दुसऱ्यानें पेमिकन, तिसऱ्यानें लोणी. आणि कोणास काय मानवतें हें ताडून पाहिलें. त्या अनुभवावरून दक्षिण ध्रुवाच्या पठारासाठीं माणशीं रोजचा शिधा ठरला तो असा: बिस्किटें सुमारें ४५४ ग्रॅम, पेमिकन ३४०, साखर ८५, लोणी ५७, चहा २४ आणि कोको १६ ग्रॅम. एकूण वजन एक किलोस किंचित कमी, व त्यापासून मिळणारे उष्मांक सुमारें साडेचार हजार. ही यादी वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. तिच्याकडे पुन्हां वळावें लागणार आहे.

एकट्यानें केलेल्या ध्रुवप्रवासाचें पहिलें मोठें उदाहरण योजून घडलेलें नाहीं. तें दैवानें लादलें. इ. स. १९१२ च्या अखेरीस ऑस्ट्रेलियन मोहिमेचा नायक डग्लस मॉसन हा निनिस व मेर्ट्झ या दोन सोबत्यांसह केप डेनिसनच्या तळापासून सुमारें पांचशें किलोमीटर पूर्वेस होता. १४ डिसेंबर रोजीं निनिस एका झांकलेल्या हिमदरींत गडप झाला. त्याच्याबरोबर उत्तम कुत्रीं, तंबू आणि बहुतेक सर्व शिधा गेला. राहिलेल्या दोघांपाशीं सुमारें दहा दिवसांपुरतें अन्न उरलें. कुत्र्यांस तर कांहींच नाहीं. परतीच्या वाटेवर त्यांनीं एकेक कुत्रें मारून खाल्लें. मांस चिवट, चरबीहीन; त्यांतल्या त्यांत मऊ म्हणून काळीज खाण्यांत येई. दोघांच्याही अंगाची कातडी सोलून निघूं लागली. मेर्ट्झ हा स्वित्झर्लंडचा नांवाजलेला स्कीपटु. पण तोच आधीं खचला, आणि ८ जानेवारी १९१३ च्या रात्रीं मरण पावला.

यापुढें मॉसन एकटा, तळ अजून सुमारें १६० किलोमीटर दूर. त्यानें खिशांतील लहान करवतीनें घसरगाडी मधोमध कापून हलकी केली. पायांचे तळवे कातडीसकट सुटून आले होते. ते त्यानें पुन्हां जागच्याजागीं बांधले व ११ जानेवारीस वाट धरली. स्कीही नाहींत, पायीं. कांहीं दिवसांनीं तो स्वतःच एका हिमदरींत कोसळून घसरगाडीच्या दोरीस लोंबकळत राहिला. त्या क्षणीं आपल्या मनांत काय आलें हें त्यानें इ. स. १९१५ मध्यें छापलेल्या प्रवासवृत्तांत नमूद केलें आहे. त्यास खंत वाटली ती ही कीं, इतके दिवस पोटास चिमटा घेऊन अन्न शिल्लक टाकलें आणि आतां तें न खातांच मरावें लागणार. मरणाच्या दारीं शिलकेची आठवण व्हावी, यांत हंसण्यासारखें कांहीं नाहीं. एकट्या प्रवाशाचें सारें चित्त कशांत गुंतलेलें असतें, हें या एका गोष्टींत उघड होतें.

२९ जानेवारीस त्यास शोधपथकानें रचलेला बर्फाचा बुरूज व त्यावर ठेवलेली अन्नाची पिशवी सांपडली. तें पथक त्याच दिवशीं सकाळीं तेथून निघून गेलें होतें. १ फेब्रुवारीस तळाजवळच्या बर्फगुहेंत त्यास तीन संत्रीं व एक अननस दिसला. दुरून जहाज आल्याची ही पहिली खूण. वादळानें त्यास तेथें आठवडाभर अडविलें. ८ फेब्रुवारीस तो खालीं उतरला, तों जहाज कांहीं तासांपूर्वीं निघून गेलेलें. त्याच्यासाठीं मागें राहिलेल्या सहा जणांसह त्यास आणखी एक हिवाळा तेथेंच काढावा लागला.

या प्रकरणांत संशोधकास महत्त्वाचें वाटावें असें पुढेंच आहे. मेर्ट्झ कशानें मेला? उपासमार व थकवा हें उत्तर पुष्कळ वर्षें चाललें. इ. स. १९६९ मध्यें क्लेलंड व साउथकॉट या दोन वैद्यांनीं त्या दोघांनीं काय काय खाल्लें याच्या नोंदी लक्षणांशीं ताडून असें मांडलें कीं, कुत्र्यांच्या काळजांत ‘अ’ जीवनसत्त्व अतोनात असतें व त्याचेंच विष त्यांस बाधलें. या मतावर पुढें शंकाही घेण्यांत आल्या आहेत. तो वाद वैद्यांचा. आपल्यापुरतें तात्पर्य इतकेंच कीं, छपन्न वर्षांनंतर एका मृत्यूची पुनः चौकशी होऊं शकली ती जेवणाच्या नोंदी टिकल्यामुळें. धैर्याचीं वर्णनें कितीही टिकलीं असतीं तरी त्यांवरून हा प्रश्नच उपस्थित झाला नसता.

आतां स्वेच्छेनें केलेल्या एकाकी प्रवासांकडे वळूं. इ. स. १९८६ मध्यें फ्रान्सचा वैद्य झां-लुई एतिएन स्कीवरून घसरगाडी ओढीत एकटा उत्तर ध्रुवास पोंचला. वाटेंत त्यास विमानानें शिधा पुरविला जात होता. ७ जानेवारी १९९३ रोजीं नॉर्वेचा एर्लिंग काग्गे हा बाहेरचा कोणताही पुरवठा न घेतां दक्षिण ध्रुवास पोंचला. पन्नास दिवस त्याचा कोणाही मनुष्याशीं शब्द झाला नाहीं. २४ डिसेंबर १९९४ रोजीं लिव्ह आर्नेसेन या नॉर्वेच्याच बाईंनीं पन्नास दिवसांत सुमारें बाराशें किलोमीटर चालून तोच ध्रुव एकटीनें गांठला. स्त्रियांत हा मान पहिला. इ. स. १९९६-९७ मध्यें बर्गे औसलंड यानें चौसष्ट दिवसांत, जेथें वारा अनुकूल तेथें शिडाचें साहाय्य घेऊन, तो सबंध खंड एकट्यानें ओलांडला. या काळांतील एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. आंतरराष्ट्रीय करारान्वयें एप्रिल १९९४ पासून दक्षिण ध्रुवखंडांत कुत्रीं आणण्यास मनाई झाली. म्हणजे मॉसननें जो उपाय केला तो आतां उरलाच नाहीं. ओढणाराही मनुष्य आणि खाणाराही तोच.

यामुळें सारा प्रवास हें एक त्रैराशिक होऊन बसतें. रोजचें अन्न सुमारें एक किलो धरावें, त्यांत जळण मिळवावें, तंबू, अंथरूण, कपडे, स्टोव्ह यांचें वजन घालावें. दिवस अधिक धरले तर गाडी जड होते. गाडी जड झाली कीं चाल मंदावते. चाल मंदावली कीं दिवस पुनः वाढतात. आर्नेसेनबाईंची गाडी आरंभीं सुमारें शंभर किलोंची होती. प्रीत चंडी या भारतीय वंशाच्या इंग्रज लष्करी वैद्यकीय पथकांतील अधिकारी ३ जानेवारी २०२२ रोजीं चाळीस दिवसांत एकट्या दक्षिण ध्रुवास पोंचल्या, तेव्हां त्यांची गाडी सुमारें नव्वद किलोंची होती. पुढल्याच हंगामांत त्यांनीं सत्तर दिवस व सुमारें १,४८५ किलोमीटर असा मोठा पल्ला घेतला, तेव्हां ती एकशेंवीस किलोंवर गेली. दिवस वाढले कीं ओझें वाढतें, याचा दाखला एकाच व्यक्तीच्या दोन प्रवासांत मिळतो.

दिनचर्या म्हणावी तर ती अत्यंत एकसुरी. उन्हाळ्यांत तेथें सूर्य मावळत नाहीं. म्हणून दिवस व रात्र घड्याळानेंच ठरवावी लागते, आणि झोंपतांना डोळ्यांवर पट्टी किंवा टोपी ओढून घ्यावी लागते. उठल्याबरोबर पहिलें काम पाणी करण्याचें. चोहोंकडे गोठलेलें पाणी, पण पिण्यास थेंब नाहीं! भांड्याच्या तळाशीं थोडें पाणी राखून त्यांत बर्फ घालावें लागतें, नाहींतर भांडें करपतें. सकाळ-संध्याकाळ मिळून चार ते सहा लिटर पाणी वितळविण्यांत दोन-तीन तास सहज जातात. तंबू बंद असतां स्टोव्हचा विषारी धूर कोंडून माणूस दगावण्याचें भय असतें, म्हणून वाऱ्यास वाट ठेवावी लागते. आणि वाट ठेवली कीं ऊब जाते.

सकाळीं ओटची पेज, तींत दुधाची भुकटी, साखर व लोणी किंवा तेल. मग थर्मासांत गरम पाणी भरून कूच. तास-सव्वा तास चालावें, पांच-दहा मिनिटें थांबावें, असे सात-आठ टप्पे झाले म्हणजे दिवस सरला. थांबा यापेक्षां लांबवितां येत नाहीं, कारण घाम गारठून अंग आखडतें. घाम येऊं न देणें हीच तेथील मोठी दक्षता. प्रत्येक थांब्यास खाऊच्या पिशवींतून बदाम, काजू, चॉकलेट, चीज, खारविलेलें मांस यांची मूठ तोंडांत टाकावयाची. हे पदार्थ घरीं असतांनाच बारीक तुकडे करून ठेवावे लागतात, कारण तेथें चॉकलेट दगडासारखें होतें व दांताचा टवका उडूं शकतो. सूर्य असला तर आपल्याच सावलीवरून दिशा राखतां येते. आभाळ व जमीन एकच पांढरी झाली म्हणजे छातीवर बांधलेल्या होकायंत्राकडे पाहत तासन् तास चालावें लागतें.

मुक्कामीं तंबू उलगडण्यापूर्वीं त्याचें टोंक गाडीस बांधावें लागतें. एकट्याचा तंबू वाऱ्यानें नेला तर त्याबरोबर प्राणही गेले असें समजावें. आंत दोरीवर मोजे व हातमोजे वाळत घालावे, वाळविलेल्या जेवणाच्या पिशवींत उकळतें पाणी ओतावें, वर लोण्याचा गोळा सोडावा. मग पायांचे फोड, फाटलेले कपडे, तुटलेलें बंधन यांची डागडुजी; आणि शेवटीं वहींत दोन ओळी. पूर्वीं ती पेन्सिलीनेंच लिहीत, कारण शाई गोठे.

या शिध्याच्या बांधणींत एक गोष्ट आम्हांस फार लक्षणीय वाटते. निघण्यापूर्वीं सर्व वेष्टनें काढून टाकून प्रत्येक दिवसाचें अन्न वेगळ्या पिशवींत बांधतात. एक दिवस, एक पिशवी. म्हणून उरलेल्या पिशव्या हेंच त्या प्रवाशाचें पंचांग, तोच त्याचा खजिना व तीच त्याची आयुष्यमर्यादा. तारखेंत चूक होईल, अंतराच्या अंदाजांत चूक होईल. पिशव्यांच्या मोजणींत ती होणें कठीण.

आतां स्कॉटच्या यादीकडे वळूं. शंभर वर्षांपूर्वींचा रोजचा शिधा एक किलोच्या आंतबाहेर, आणि आजचाही तितकाच. बदललें आहे तें त्यांतील प्रमाण. चरबीच्या एका ग्रॅमांत नऊ उष्मांक असतात, साखर-पिठाच्या ग्रॅमांत चार. तेव्हां चरबीचा अंश वाढवून त्याच वजनांत पांच ते सहा हजार उष्मांक बसवितात. तरीही तूट राहतेच. काग्गे ज्या हंगामांत एकटा चालत होता त्याच हंगामांत रॅनल्फ फाइन्स व माइक स्ट्राउड हे दोघे तें खंड ओलांडीत होते. स्ट्राउड स्वतः वैद्य. त्यानें शास्त्रीय रीतीनें देहाचा खर्च मोजला, तेव्हां कांहीं दिवस तो दहा हजार उष्मांकांवर गेल्याचें दिसून आलें. खाणें मात्र त्याच्या निम्म्याच्या आसपास. बाकीचा खर्च देह आपल्या भांडवलांतून करतो. दोघांचेंही वजन वीस किलोंहून अधिक घटलें. म्हणजे या जमाखर्चांत वहींत न लिहिलेलें एक खातें असतें, तें स्वतःच्या शरीराचें.

हें खातें बुडालें म्हणजे काय होतें, याचें उदाहरण हेन्री वर्स्ली याचें. हा इंग्रज निवृत्त सेनाधिकारी नोव्हेंबर २०१५ मध्यें तें खंड एकट्यानें, शिडावांचून व पुरवठ्यावांचून ओलांडण्यास निघाला. २ जानेवारी २०१६ रोजीं तो ध्रुवावरून पुढें गेला. तेथें माणसांची वसाहत आहे. परंतु बाहेरचा पुरवठा घ्यावयाचा नाहीं हा पण, तेव्हां त्यांच्या चहाचा पेलाही वर्ज्य. एकाहत्तर दिवसांत तो सुमारें १,४७० किलोमीटर चालला. आतां केवळ पन्नासेक किलोमीटर उरले असतां त्याची शक्ति संपली. दोन दिवस तंबूंत पडून राहिल्यावर २२ जानेवारीस त्यानें मदत मागितली. त्यास विमानानें चिलीस नेलें, पण उदरांतील दाहानें २४ जानेवारीस त्याचें देहावसान झालें. आपल्या शेवटच्या निरोपांत त्यानें शॅकल्टनची आठवण केली होती. ९ जानेवारी १९०९ रोजीं ध्रुव अवघा ९७ सागरी मैल राहिला असतां शॅकल्टननें माघार घेतली, कारण पुढें गेल्यास परतीपुरतें अन्न उरत नाहीं हें त्यास हिशेबानें दिसत होतें. शॅकल्टनबरोबर तिघे होते. त्यांचीं खंगलेलीं तोंडें त्याच्यासमोर होतीं. एकट्या मनुष्यासमोर दुसऱ्याचें तोंड नसतें, आणि स्वतःचें खंगणें रोज थोडथोडें होत असल्यामुळें दिसत नाहीं. एकाकी प्रवासाचा खरा धोका आमच्या मतें थंडी किंवा हिमदरी यांहून हा अधिक आहे: हिशेब ठेवणारा आणि खर्चीं पडणारा एकच असतो.

पराक्रमाच्या वादांतही शेवटीं शिध्याशींच यावें लागतें. ‘पुरवठ्यावांचून’ या शब्दाचा अर्थ कोणता, यावर आजवर पुष्कळ खल झाला आहे. इ. स. २०१८ मध्यें कॉलिन ओब्रेडी व लुई रड हे दोघे एकाच वेळीं निघून स्वतंत्रपणें, दोन दिवसांच्या अंतरानें पल्ल्यास पोंचले. तेव्हां यंत्रगाड्यांनीं तुडविलेल्या वाटेवरून चालणें हें साहाय्य समजावें कीं नाहीं, असा प्रश्न निघाला. वाटेविषयीं मतभेद राहतील; परंतु बाहेरून अन्न घेतलें कीं नाहीं, ही कसोटी सर्वांस मान्य आहे.

आतां आमच्या या लेखाचा हेतु. स्कॉटच्या रोजनिशा ब्रिटिश लायब्ररींत जपून ठेवल्या आहेत, त्या इ. स. १९१३ मध्यें छापल्या तेव्हां कांहीं कठोर वाक्यें गाळण्यांत किंवा सौम्य करण्यांत आलीं होतीं, हें मूळ हस्तलिखितें राहिल्यामुळेंच कळलें. मॉसनच्या रोजनिशा त्याच्या प्रवासवृत्तानंतर त्र्याहत्तर वर्षांनीं, इ. स. १९८८ मध्यें, संपादून छापण्यांत आल्या. आजचे प्रवासी मात्र बराचसा वृत्तांत उपग्रहाच्या दूरध्वनीवरून बोलून कळवितात. तो ऐकणारांस ताबडतोब पोंचतो व तितक्याच लौकर विरून जातो. मागें राहतो तो तेलकट बोटांनीं मळलेला शिध्याचा तक्ता, पिशव्यांवर पाडलेल्या खुणा, आणि वजनें लिहिलेला एखादा चिटोरा. संग्राहक सहीच्या पत्रांमागें धांवतात, आणि हे चिटोरे केरांत जातात. आपल्याकडील कोठीच्या फडांची अशीच गत झाल्याचें दुःख या मंडळींनीं अनेकदां अनुभविलें आहे. ज्या रुमालांत सनदा नाहींत ते निरुपयोगी, या समजुतीनें किती कागद बंबांत गेले असतील, याची गणना नाहीं.

म्हणून आमची विनंति इतकीच: कोणत्याही मोहिमेचे कागद हातीं आले असतां प्रथम जेवणाचे कागद बाजूस काढावे व जपावे. मनुष्य आपल्या धैर्याविषयीं लिहितांना कळत न कळत अतिशयोक्ति करतो. आपण काय खाल्लें हें लिहितांना त्यास खोटें बोलण्याचें सहसा कारण पडत नाहीं. जेथें दुसरा साक्षीदार नाहीं, तेथें ही साक्ष सोडून चालावयाचें नाहीं.